अकाउंट्सचा रिझ्युमे : तुम्ही रजेवर गेलात तर काय अडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इचलकरंजीचा एक तरुण, बी.कॉम., सीए इंटरचा पहिला ग्रुप पास, दुसऱ्यात दोनदा अडकल्यावर अभ्यास सोडलेला. साडेचार वर्षं एका कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी. आता पुण्यात एखाद्या कंपनीच्या अकाउंट्स विभागात यायचंय. चार महिन्यांत सत्तरेक ठिकाणी रिझ्युमे पाठवला, तीन फोन आले, मुलाखतीचं बोलावणं एकही नाही. विचारलंय ते असं की फॉरमॅट बदलू का, पैसे देऊन कोणाकडून लिहून घेऊ का, आणि अर्धवट सुटलेलं सीए दाखवू की लपवू. नाव-नंबर झाकून रिझ्युमेही सोबत टाकलाय.

तो मी दोनदा वाचला. आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कुठल्या खुर्चीतून बोलतेय ते कळेल. मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे अकाउंट्स सांभाळते. सुरुवात तुमच्यासारखीच, २००२ साली सांगलीत एका कर सल्लागाराकडे, विक्रीकराच्या जमान्यात. माणसं घ्यायची वेळ आली की एका जागेला शंभर-दीडशे रिझ्युमे येतात. एचआर त्यातले वीस-पंचवीस माझ्याकडे पाठवतं आणि त्यातून मी पाच-सहा जणांना बोलावते. त्यामुळे पुढचं सगळं कारखान्याच्या अकाउंट्समधून दिसतं तसं आहे. बँक, ब्रोकिंग, इन्व्हेस्टमेंटवाल्यांचा हिशेब वेगळा असतो, त्यात मी पडत नाही.

तुमचा प्रश्न फॉरमॅटचा नाही. तुमच्या रिझ्युमेत जीएसटी, टीडीएस, इन्कम टॅक्स आणि टॅली असे चार शब्द आहेत, आणि त्यांच्या मागेपुढे ‘हँडल्ड’ आणि ‘रिस्पॉन्सिबल फॉर’. वरचं नाव खोडून तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं घातलं तरी कागद तसाच चालेल. माझ्याकडे येणाऱ्या पंचवीसपैकी अठरा तरी असे असतात. त्यांत वाईट काही नसतं, पण धरून ठेवावं असंही काही नसतं. वाचणारीला एकच गोष्ट हवी असते: हा माणूस आला तर माझ्या डोक्यावरचं नेमकं कुठलं काम उतरेल?

ही गोष्ट मला कोणी शिकवली ते सांगते. २००६ मध्ये मी भोसरीला एका कारखान्यात मुलाखतीला गेले. रिझ्युमे तीन पानी, पहिल्या पानावर ‘सिन्सिअर अँड हार्डवर्किंग’, शेवटच्या पानावर ‘वरील माहिती खरी आहे’ आणि सही. समोरचे गृहस्थ वयस्कर होते. पानं उलटली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, “बाई, तुम्ही उद्या कामावर गेला नाहीत तर तिथे काय अडेल?” मी गोंधळले. मग सांगायला लागले की अठरा पार्टींचं, म्हणजे ऑफिसच्या अशिलांचं, व्हॅटचं चलन मीच भरते, दोन साखर व्यापाऱ्यांचा बँकेचा ताळा माझ्याशिवाय कोणाला जमत नाही, आणि मार्चनंतर ताळेबंदाची पहिली कच्ची प्रत मीच काढते. ते ऐकता ऐकता माझ्याच रिझ्युमेच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत गेले. शेवटी तो कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, “हे पुढच्या बाजूला का नाही?” नोकरी मिळाली. तो कागद मात्र त्यांच्या फायलीत राहिला.

तेव्हा आधी लॅपटॉप बाजूला ठेवा आणि कॅलेंडर घ्या. आपलं काम तारखांवर चालतं, म्हणून अकाउंट्सवाल्याचा अनुभव तारखांमधूनच नीट आठवतो. सात तारीख, टीडीएसचा भरणा. अकरा, जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील. चौदा, २बी तयार होतं, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदी बिलांची पोर्टलवरची यादी. पंधरा, पीएफ आणि ईएसआय. वीस, ३बी, म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न. महिन्याअखेर प्रोफेशन टॅक्स. मग तिमाही टीडीएस रिटर्न, ३० नोव्हेंबर (मागच्या वर्षाचं सुटलेलं जीएसटी क्रेडिट घ्यायची मुदत), ३१ डिसेंबर (जीएसटीचं वार्षिक रिटर्न), ३१ मार्च (वर्षअखेर). एकेका तारखेसमोर लिहा: यातलं मी स्वतः काय करतो, किती पार्टींचं करतो, कोण तपासतं आणि बटण कोण दाबतं. शेवटच्या दोन गोष्टी लोक लिहायला लाजतात. लाजू नका. ‘रिटर्न मी तयार करतो, साहेब तपासतात, अपलोड मी करतो’ हे वाक्य ‘एंड टू एंड जीएसटी कम्प्लायन्स’पेक्षा मला शंभरपट जास्त सांगतं.

आता एकाच ठिकाणी जरा थांबू, कारण तुमचा खरा माल तिथेच आहे. चौदाला २बी येतं आणि विसाला ३बी भरायचं असतं. मधले हे सहा दिवस. २०२२ च्या जानेवारीपासून २बीत दिसत नसलेल्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, घेता येत नाही, त्यामुळे कुठल्याही ऑफिसात या सहा दिवसांत खरी धावपळ असते. खरेदीची नोंदवही एका बाजूला, २बी दुसऱ्या बाजूला. तुमच्या नोंदवहीत बिल नंबर ‘एस/०१२/२४-२५’ आणि पुरवठादाराने भरताना टाकलाय नुसता ‘१२’. एकाने मार्चचं बिल एप्रिलमध्ये दाखवलंय. एकाने जीएसटी नंबर चुकवून तुमची बिलं त्याच्याच भावकीतल्या दुसऱ्या फर्मच्या नावावर टाकलीत. एकाने रिटर्नच भरलेलं नाही आणि फोन उचलत नाही. तुम्ही हे सगळं साडेचार वर्षं, म्हणजे पन्नासेक वेळा निस्तरलंय. त्यात ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस ही सोय आली, बिल स्वीकारायचं की नाकारायचं हेही बघावं लागायला लागलं. आणि रिझ्युमेत काय लिहिलंय? ‘जीएसटी रिटर्न फायलिंग’. रिटर्न फाइल करणं हे दोन मिनिटांचं काम आहे हो. सहा दिवस कुठे गेले?

ती ओळ अशी व्हायला हवी. तुम्ही इंग्रजीत लिहाल, मी इथे मराठीत सांगते, आणि आकडे माझ्या मनाचे आहेत, तुमचे खरे घाला.

‘३४ पार्टींचं जीएसटी, त्यात १२ मासिक आणि २२ तिमाही. व्यवसाय: सूत व्यापार, सायझिंग, प्रोसेसिंग, किराणा. दरमहा सुमारे १,१०० खरेदी बिलांची २बीशी जुळवणी. न दिसणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारांशी थेट पाठपुरावा. २०२३-२४ चं सुटलेलं सुमारे २.८ लाखांचं क्रेडिट ३० नोव्हेंबरच्या आत शोधून घेतलं.’

यात विशेषण एकही नाही, पण मला बरंच कळलं. मासिक आणि तिमाही वेगळं सांगितलं म्हणजे माणूस आकडा फुगवत नाही. पाच कोटींच्या आतल्या पार्टी तिमाहीत जातात हे वाचणाऱ्याला माहीत असतं, नुसतं ‘३४ पार्टी’ लिहिलं तर मी मनातल्या मनात निम्मे वजा करते. शेवटचं वाक्य सांगतं की याला मुदत कुठे संपते ते ठाऊक आहे आणि त्याआधी मागे वळून बघायची सवय आहे.

‘पण मॅडम, आम्ही तर नेमून दिलेलं काम करतो, अचिव्हमेंट कुठून आणायची?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण प्रत्येक जण विचारतो. सेल्सवाल्याचं यश दिसतं. आपल्याकडे काम चांगलं झालं तर काहीच घडत नाही. नोटीस येत नाही, विलंब शुल्क लागत नाही, ऑडिटर डोकं खात नाही. मग न घडलेलंच लिहा. ३बी एक दिवस उशिरा गेलं तर दिवसाला ५० रुपये, टीडीएसचं रिटर्न उशिरा गेलं तर दिवसाला २००. ‘चार वर्षांत माझ्याकडच्या पार्टींना विलंब शुल्क लागलं ते तीन वेळा, तिन्ही वेळा कागद विसाच्या पुढे आले’ असं कोणी लिहिलं तर मी त्याला बोलावीन. ‘एकदाही नाही’ असं लिहिलं तर बोलावीन, पण पहिला प्रश्न त्यावरच असेल. खरं असेल तरच लिहा.

आता कर सल्लागाराच्या ऑफिसातून कंपनीत येताना एक अडचण असते ती समजून घ्या, कारण सत्तर ठिकाणांहून उत्तर न येण्याचं दुसरं कारण ते आहे. प्रॅक्टिसमधल्या माणसाकडे व्यवहार घडून गेल्यावर येतात. बिलांची पिशवी येते, बँकेचं स्टेटमेंट येतं, मग आपण जमाखर्च लावतो. कंपनीत व्यवहार घडत असताना नोंद होते. खरेदीची ऑर्डर निघते, माल गेटवर येतो, स्टोअरवाला जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करतो, मग बिल येतं, आणि या तिघांचा मेळ बसला तरच पेमेंट. महिना संपला की चार-पाच दिवसांत क्लोजिंग, म्हणजे महिन्याचे हिशेब बंद करणं, न आलेल्या बिलांची प्रोव्हिजन (तरतूद), वरिष्ठांना द्यायचा अहवाल म्हणजे एमआयएस. त्यामुळे कंपनीतल्या माणसाला धास्ती असते की याला रिटर्न भरता येतील, पण क्लोजिंग झेपेल का? ही धास्ती रिझ्युमेनेच घालवायची. कशी? तुमच्या कामातलं जे कंपनीच्या कामासारखं आहे ते वर आणून. एखाद्या प्रोसेसिंगवाल्याचं बँकेला जाणारं महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट तुम्ही करत असाल. येणेकऱ्यांची वयवारी काढत असाल, म्हणजे कोणाकडे तीस, साठ, नव्वद दिवसांचं किती अडकलंय ते. टॅक्स ऑडिटची पूर्वतयारी, घसारा, ताळेबंदाची कच्ची प्रत. हे सगळं तुमच्या रिझ्युमेत ‘अदर वर्क’ या दोन शब्दांखाली गाडलं गेलंय.

आणि एक गोष्ट इचलकरंजीचा माणूस लिहीत नाही याचं मला नवल वाटतं. २०२३-२४ पासून आयकरात ४३बी(एच) हे कलम आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, आणि वर्षअखेर ते देणं बाकी राहिलं, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही. कापडाच्या धंद्यात उधारी नव्वद-नव्वद दिवसांची. २०२४ च्या मार्चमध्ये तुमच्या ऑफिसात काय झालं असेल ते मी डोळ्यांसमोर आणू शकते: कोणाची उद्यम नोंदणी आहे, तो उत्पादक की नुसता व्यापारी, सूक्ष्म-लघु की मध्यम, बिल कधीचं, सगळी यादी हाताने केली असणार. माझ्या कारखान्यात साडेसातशे पुरवठादार आहेत आणि हीच यादी आम्ही दर महिन्याला करतो. तुम्ही ते काम केलेलं असेल तर ती ओळ पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्यात हवी.

कलमांचे आकडे मात्र जपून. कित्येक रिझ्युमे ‘१९४सी, १९४जे, १९४आय’ची माळ लावतात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आहे आणि आकडे बदललेत. ‘कंत्राटदार, व्यावसायिक फी आणि भाडं यांवरचा टीडीएस, दर तिमाही सुमारे ४०० नोंदी’ असं लिहिलं की कायदा बदलला तरी ओळ शिळी होत नाही.

इथे एक कबुली. मी हे जे सांगतेय ते मध्यम आकाराच्या कारखान्याला लागू पडतं. खराडी किंवा हिंजवडीच्या मोठ्या सेंटरमध्ये, जिथे परदेशी कंपन्यांचे हिशेब चालतात, तिथे जीएसटीला फारसं कोणी विचारणार नाही. तिथे कामाचे तुकडे असतात. एक जण फक्त पुरवठादारांची बिलं बघतो, एक फक्त येणं, एक फक्त जनरल लेजर. तिथे लिहायचं ते असं की रोज किती बिलं, चूक किती, एक्सेलमध्ये काय काय करता, इंग्रजीत ईमेल-फोन जमतो का, शिफ्ट चालते का. सीए फर्ममध्ये पुन्हा निराळं. पतसंस्था, सहकारी बँक, साखर कारखाना असेल तर जी.डी.सी. अँड ए. या सहकार-लेखा पदविकेला मान आहे, जी चाकणमध्ये कोणी ओळखणार नाही. म्हणजे एकच रिझ्युमे सत्तर ठिकाणी पाठवणं हाही घोटाळाच झाला. तीन प्रकारचे करा, पोटातला मजकूर तोच, क्रम वेगळा.

आणि पुणेच हवंय का, हेही एकदा स्वतःला विचारा. घराची कारणं असतील, मी त्यात बोलू नये. पण कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तुमच्या अनुभवाचा माणूस लागतो आणि तिथे ‘इचलकरंजीत काम केलंय’ हे वाक्य पुण्यापेक्षा जड पडतं. कारखान्यातली दोन वर्षं नावावर लागली की पुण्याचा फोन येतो. माझ्या हाताखालचे दोघे याच वाटेने आलेत.

सीएचं काय? लपवू नका. ‘सीए इंटरमिजिएट, ग्रुप १ उत्तीर्ण’ आणि महिना-वर्ष, एवढी ओळ शिक्षणात घाला. पहिला ग्रुप पास होणं ही गंमत नाही, ज्यांनी ती परीक्षा दिलीय त्यांना माहीत आहे. पण ‘सीए पर्स्युइंग’ लिहू नका, कारण तुम्ही करत नाही आहात. हे लिहून माणसं दोन्हीकडून मार खातात. मला वाटतं हा परीक्षेला महिना महिना रजा मागणार, आणि मुलाखतीत विचारलं की पुढचा प्रयत्न कधी, तर उत्तर नसतं. सोडलं का, असं विचारलं तर एका वाक्यात सांगा आणि पुढे व्हा. अजून एक: तुमची नोकरी कर सल्लागाराकडे आहे. तिथे आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या अभ्यासक्रमातली उमेदवारी, नोंदलेली नसेल तर तो शब्द वापरू नका. एका मुलाने वापरला होता. चौकशीत दोन मिनिटांत कळलं आणि बाकी सगळा चांगला रिझ्युमे त्याच्याबरोबर गेला.

यावरून पुराव्याचं आठवलं, आणि हे कोणी सांगत नाही. छोट्या ऑफिसांत वीसपेक्षा कमी माणसं असतात, म्हणून पीएफ नसतो. पगार कधी रोख, कधी साहेबांच्या खात्यातून. सॅलरी स्लिप नाही, फॉर्म १६ नाही. इकडे मोठ्या कंपनीत ऑफर दिल्यावर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागतात आणि आधीच्या नोकरीचा इतिहास त्यात बघतात. तुमच्या इतिहासात काहीच नसणार. खोटं तुम्ही काही केलेलं नाही, पण कागद नाही. म्हणून नोकरी सोडण्याची भाषा करण्याआधी साहेबांकडे पगार बँकेत घेण्याची विनंती करा, लेटरहेडवर रुजू झाल्याची तारीख आणि कामाचं स्वरूप लिहून घ्या, आणि स्वतःचं आयकर रिटर्न पगाराचं उत्पन्न दाखवून भरत जा. दुसऱ्यांची चौतीस रिटर्न भरणाऱ्याने स्वतःचं भरलेलं नाही हे मी पाहिलंय, हसू नका.

तारखा बरोबर घाला. रिझ्युमेच्या वर ‘५ वर्षांचा अनुभव’ आणि खाली तारखांची बेरीज चार वर्षं पाच महिने. मी बेरीज करते. मुद्दाम नाही, सवय लागलीय. दोन वर्षांपूर्वी एका मुलीच्या रिझ्युमेत आठ महिने कुठेच बसत नव्हते. मुलाखतीत कळलं की वडील आजारी होते, घरी थांबली होती. त्यात लपवण्यासारखं काय होतं? पण तिने आधीच्या नोकरीची तारीख ताणून ते झाकलं होतं. कारणाचं मला काही वाटलं नाही, ताणलेल्या तारखेचं वाटलं. जी स्वतःच्या कागदावर आकडा जुळवून घेते ती महिनाअखेरीला माझ्या बँक रिकन्सिलिएशनमध्येही जुळवून घेईल, अशी भीती बसते. साफ ‘घरगुती कारण, ८ महिने’ लिहिलं असतं तर आज ती माझ्या शेजारी बसली असती.

पार्टींची नावं रिझ्युमेत घालू नका. ‘सूत व्यापारी, वार्षिक उलाढाल सुमारे १२ कोटी’ एवढं पुरे. एक अनुभवी गृहस्थ कामाचा नमुना म्हणून लॅपटॉपवर त्यांच्या तेव्हाच्या कंपनीचा ट्रायल बॅलन्स दाखवायला लागले, पुरवठादारांच्या नावांसकट. काम उत्तम होतं. मी चहा पाजून निरोप दिला. उद्या आमचाही असाच दुसऱ्या कोणाला दाखवतील.

एक्सेल. ‘ॲडव्हान्स्ड एक्सेल’ हे दोन शब्द काढून टाका, त्यांना आता वजन राहिलेलं नाही. आम्ही मुलाखतीत चारशे ओळींची खरेदी नोंदवही आणि चारशे ओळींचं २बी देतो, वीस मिनिटं. बिल नंबरांची वर सांगितली तशी गंमत मुद्दाम केलेली असते. ॲडव्हान्स्डवाले थेट व्हीलूकअप लावतात, अर्ध्या ओळींत चूक येते आणि माझ्याकडे बघत बसतात. ज्याने हे काम खरोखर केलंय तो आधी बिल नंबर साफ करतो, किंवा नंबर सोडून जीएसटी नंबर आणि रकमेवर जुळवायला घेतो. ‘२बी जुळवणीसाठी पिव्होट आणि समइफ्स वापरून स्वतः शीट बनवलं, ऑफिसात चौघे ते वापरतात’ अशी ओळ तुम्हाला लिहिता येईल का ते बघा. टॅलीचंही तसंच, टॅली येतं हे गृहीत आहे, त्यात काय केलं ते सांगा. एसएपी या मोठ्या कंपन्यांतल्या सॉफ्टवेअरचा पंधरा दिवसांचा कोर्स केला असेल तर कोर्स म्हणूनच लिहा. पुण्यात एसएपी लागतं हे खरं, पण ज्याला जीआरएन आणि बिलाचा मेळ कळतो त्याला आम्ही स्क्रीन महिन्याभरात शिकवतो. उलटं शिकवायला फार वेळ जातो.

आता तुम्ही विचारलेला फॉरमॅट, भराभर. साडेचार वर्षांच्या अनुभवाला एक पान, फार तर दीड. आपल्याकडे रिझ्युमेला अजून बायोडेटा म्हणतात आणि मग तो स्थळाचा बायोडेटा होतो: वडिलांचं नाव, जात, उंची पाच फूट सात इंच, आवड क्रिकेट. हे सगळं जाऊ द्या. फोटो नको. आधार आणि पॅनचा नंबर तर मुळीच नको, तो कागद कुठे कुठे फिरेल सांगता येत नाही. एमएस-सीआयटी आणि टायपिंग सरकारी अर्जाला ठेवा. खालचं प्रतिज्ञापत्र काढा. दोन रकान्यांचा, रंगीत पट्ट्यांचा, पाच ताऱ्यांपैकी टॅली चार तारे असला नमुना वापरू नका. मोठ्या कंपन्यांत रिझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि रकाने, चौकटी असल्या की ते अडखळतं. तपासायची सोपी रीत: पीडीएफमधला सगळा मजकूर उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. तुम्हाला क्रमाने वाचता आला तर मशीनलाही येईल. फाइलचं नाव ‘रिझ्युमे फायनल न्यू २’ असं नको, तुमचं नाव आणि ‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह’ एवढं असू द्या.

नौकरी डॉट कॉमवर प्रोफाइल असेल तर पसंतीचं शहर पुणे टाकलंय का, नोटीस पिरियड भरलाय का ते बघा. एचआरवाले शोधताना याच चाळण्या लावतात आणि नुसतं ‘इचलकरंजी’ असेल तर तुम्ही यादीतच येत नाही. तीनच फोन येण्यामागे हेही असू शकेल.

पैसे देऊन लिहून घ्यायला माझा विरोध आहे. लिहिणाऱ्याला तुमचे सहा दिवस माहीत नाहीत. तो विशेषणं घालणार. एआयचंही तेच, हल्ली दहातल्या चार रिझ्युमेंचं पहिलं वाक्य एकाच साच्यातलं असतं आणि मी तिथून सरळ दुसऱ्या परिच्छेदावर जाते. इंग्रजी तपासून घ्यायला वापरा, मजकूर मात्र तुमच्या कॅलेंडरमधूनच आला पाहिजे. आणि नोकरी देतो म्हणून कोणी आधी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

शेवटचं, कधी पाठवायचा ते. तुमचे मेल तुम्ही कधी पाठवलेत ते रिझ्युमेसोबतच्या यादीत दिसतंय: बरेचसे पाच ते अठरा तारखेच्या मधले. त्या दिवसांत आम्ही काय करत असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुम्हीही तेच करत असता. जागा भरायची असेल तर मी रिझ्युमेंची फाइल उघडते ती एकविसानंतर, दुपारी, चहा घेऊन. तेव्हा येऊ द्या.